गंगा नावाचे पाणलोट क्षेत्र

(एका सार्वजनिक वाचनालयाच्या व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचे संपादित रूप)

अध्यक्ष महाराज आणि श्रोतेहो,

निमंत्रणपत्रिकेवर 'विशेषनामाचे सामान्यनाम कसे होते' असा विषय छापला आहे. तो मीच सुचवलेला आहे आणि त्याचे उत्तरही मी आज देणार आहे. मात्र ते मला दहा नावांची उदाहरणे घेऊन नव्हे, तर एकाच नावाचा हात धरून द्यायचे आहे. ते नाव म्हणजे गंगा. छत्तीस वर्षे मी शाळेत मराठीचे व्याकरण शिकवले आणि दरवर्षी नामाचे प्रकार शिकवताना फळ्यावर डावीकडे 'नदी : सामान्यनाम' आणि उजवीकडे 'गंगा : विशेषनाम' असे लिहिले. मुले ते पाठ करत आणि परीक्षेत त्यांना त्याचे पूर्ण गुण मिळत. मला मात्र ते लिहिताना दरवर्षी खटकत असे, कारण नाशिकच्या ज्या शाळेत मी ते लिहीत होते, तिथली मुले शाळा सुटल्यावर पोहायला 'गंगेवर' जात, आणि ती गंगा हिमालयातून आलेली नव्हती. नकाशात जिला गोदावरी म्हणतात ती ती नदी होती.

नाशिकच्या जुन्या वस्तीतला माणूस गोदावरी हे नाव पाहुण्यांशी बोलताना किंवा अर्जात लिहिताना वापरतो; घरात ती गंगाच असते. घाट गंगाघाट असतो, बाजार गंगेवर भरतो, आणि पावसाळ्यात वरून धरणाचे पाणी सोडले की शेजारी शेजाऱ्याला विचारतो, "गंगेला पाणी किती?" त्याचे उत्तर घनफुटांत नसते. रामकुंडाजवळ दुतोंड्या मारुतीची उंच मूर्ती आहे. तिच्या अंगावर हे माप घेतले जाते. पाणी गुडघ्याला लागले, कमरेला लागले, छातीला लागले असे निरोप गल्लीतून वर येत राहतात, आणि ज्या वर्षी मूर्तीच दिसेनाशी होते ते वर्ष लोक पुढे कित्येक वर्षे 'त्या पुराचे साल' म्हणून सांगतात.

गौतम ऋषींची आणि ब्रह्मगिरीची कथा या सभागृहात सर्वांना ठाऊक आहे, म्हणून ती मी सांगत नाही. तिच्यातल्या एकाच बारकाव्याकडे लक्ष वेधते. त्या कथेप्रमाणे गोदावरी ही गंगेसारखी नाही, ती गंगाच आहे. ब्रह्मगिरीवरचे ठिकाणही गंगाद्वार या नावाचे आहे. 'दक्षिणगंगा' हे नाव पुस्तकांतून आले. त्यात तुलना आहे, दिशा आहे, आणि मूळ गंगा दुसरीकडे आहे अशी कबुलीही आहे. काठावरच्या माणसाला ती कबुली द्यावीशी वाटत नाही. म्हणूनच या १४६५ किलोमीटर लांबीच्या नदीच्या काठाने खाली गेलो की नाशिकजवळ गंगापूर आहे, छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात गंगापूर हे तालुक्याचे गाव आहे, परभणी जिल्ह्यात जनाबाईंचे गंगाखेड आहे, आणि जुन्या कागदपत्रांत भीमेच्या काठाला जशी भीमथडी म्हणतात तशी गोदावरीच्या काठाला गंगथडी म्हणतात. यांपैकी एकाही गावाने उत्तरेकडच्या गंगेची आठवण म्हणून नाव घेतलेले नाही. समोर जे पाणी वाहत होते त्याचेच नाव गावाने घेतले.

एक गंमत सांगते. नाशिकला १९८९ साली स्थापन झालेल्या मुक्त विद्यापीठाचे ब्रीद 'ज्ञानगंगा घरोघरी' असे आहे. त्याच्या परिसराचे नाव ज्ञानगंगोत्री, आणि टपालाचा पत्ता 'गंगापूर धरणाजवळ'. एका पाकिटावर पोस्टमनला तीन गंगा भेटतात, पाकीट गोदावरीकाठी जाऊन पोहोचते, आणि पोस्टमनचा कधी गोंधळ होत नाही. भाषेला हे सहज जमते. आपल्या व्याकरणाला ते जमले पाहिजे, एवढेच माझे म्हणणे आहे.

कोकणात तर या नावाला नदीचीसुद्धा गरज पडलेली नाही. राजापूरजवळ उन्हाळे गावाच्या टेकडीवर चौदा कुंडे आहेत. ती एरवी कोरडी असतात आणि साधारण तीन वर्षांनी, अलीकडे अधिक अनियमितपणे, जमिनीतून पाणी येऊन भरतात. काही दिवस, काही आठवडे ते पाणी राहते आणि मग येते तसेच निघून जाते. भूगर्भातल्या नैसर्गिक वक्रनलिकेमुळे, म्हणजे सायफनमुळे, असे घडत असावे असे अभ्यासक सांगतात. राजापूरचे लोक "गंगा आली" असे म्हणतात आणि वर्तमानपत्रेही तसेच छापतात. मी एकदा ती बातमी वाचून तिथे गेले होते. ओळखीच्या एका वृद्ध गृहस्थांनी मला कुंडाच्या काठावर बसवले, तळाच्या दगडांच्या फटीतून वर येणारे बुडबुडे दाखवले आणि म्हणाले, "ही माहेरवाशीण आहे, हिला किती दिवस राहणार असं विचारायचं नसतं." प्रवाह नाही, उगम दिसत नाही, मुखाचा तर प्रश्नच नाही, तरी ती गंगा आहे, कारण ती येते. आपल्याकडे या नावात येण्याची क्रिया फार महत्त्वाची आहे. गुरू सिंह राशीत आला की गंगा गोदावरीच्या भेटीला येते, तो कन्या राशीत आला की कृष्णेच्या भेटीला येते, आणि महाबळेश्वरच्या पंचगंगेच्या देवळात कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री, गायत्री या पाच धारांच्या शेजारी बारा वर्षांनी येणाऱ्या भागीरथीसाठी जागा राखून ठेवलेली आहे, अशी श्रद्धा आहे.

आता मूळच्या गंगेकडे पाहू, कारण तिथेही हे नाव आपण समजतो तितके सरळ नाही. गंगोत्रीच्या हिमनदीतून गोमुखाशी जे पाणी बाहेर पडते त्याचे नाव भागीरथी. देवप्रयागला तिला अलकनंदा मिळते आणि तिथून पुढे त्या पाण्याला गंगा म्हणतात. खाली बंगालात मुख्य प्रवाह बांगलादेशात शिरून पद्मा होतो, आणि कोलकात्याकडे जाणाऱ्या फाट्याला वरच्या भागात पुन्हा भागीरथी आणि पुढे हुगळी म्हणतात. म्हणजे उगमाशी ती गंगा नसते आणि समुद्रालाही गंगा म्हणून मिळत नाही. ज्या नदीकडे बोट दाखवून आपण 'हे विशेषनाम' असे म्हणतो, त्या नदीच्याही मधल्या भागालाच ते लागते.

माणसांच्या नावांत तर ही नदी स्त्री-पुरुष असा भेद करत नाही. गंगूबाई, गंगाबाई आणि पाटावरची गंगी आपल्या ओळखीच्या आहेत. पण १९२७ च्या डिसेंबरात महाडला मनुस्मृतीच्या दहनाचा ठराव ज्यांनी मांडला ते सहस्रबुद्धे गंगाधर होते, आणि लोकमान्यांच्या नावात मधे उभे असलेले त्यांचे वडीलही गंगाधर होते. गंगाधरात निदान गंगा धारण करणारा शंकर आहे. पंजाबातले सर गंगाराम किंवा बिकानेरचे महाराजा गंगासिंह यांच्या नावांत मात्र गंगा स्वतःच पुरुषाच्या नावाच्या पुढे येऊन उभी आहे. या गंगासिंहांमुळे एक कोडे तयार झाले आहे, ते मी वर्गात घालत असे. भारतात दोन कालवे आहेत. एकाचे नाव गंगा कालवा, तो १८५४ साली हरिद्वारहून सुरू झाला. दुसऱ्याचे नाव गंग नहर, तो १९२७ साली सुरू झाला. दोन्हींत गंगेचे पाणी आहे का? मुले 'हो' म्हणत. पहिल्यात आहे. दुसऱ्यात सतलजचे पाणी आहे, ते राजस्थानच्या वाळवंटात जाते, आणि कालव्याचे नाव महाराजांवरून पडले आहे. तिथले श्रीगंगानगर हे शहरही त्यांच्याच नावाचे. नदीचे नाव माणसाने घेतले, माणसाचे नाव कालव्याने घेतले, आणि त्या नावाखाली दुसरीच नदी वाहू लागली.

या नावाचा एक पुरावा तर आपल्या भाषेच्या उंबऱ्यावरच कोरलेला आहे. श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराच्या पायाशी जी नागरी अक्षरे आहेत, मराठीच्या सर्वांत जुन्या कोरीव वाक्यांत ज्यांची गणना होते, ती आपल्याला शाळेपासून पाठ असतात : 'श्रीचावुण्डराजें करवियलें, श्रीगंगराजें सुत्ताले करवियलें'. चावुंडराजाने मूर्ती करवली, गंगराजाने भोवतीचे आवार करवले. हा गंगराज होयसळ राजा विष्णुवर्धनाचा सेनापती होता. चावुंडराय मात्र ज्या राजघराण्याचा मंत्री होता त्या घराण्याचे नावच गंग. आपण या ओळीतल्या 'करवियलें' या क्रियापदावर खूप बोलतो. मराठीच्या त्या उंबऱ्यावर गंगा एका पुरुषाच्या नावाने उभी आहे, याकडे माझे लक्ष शिकवायला लागून पंधरा वर्षे झाल्यावर गेले.

घरात डोकावले तर या नावाचे सगळ्यांत सुंदर काम दिसते, आणि इथे मी थोडी रेंगाळणार आहे. आंघोळीचे पाणी ज्या पसरट तोंडाच्या भांड्यात काढत त्याला आपण घंगाळ म्हणतो. जुनी माणसे गंगाळ म्हणत. अर्धा तांब्याचा आणि अर्धा पितळेचा तांब्या गंगाजमनी, दोन बाजूंना दोन रंगांचे काठ असलेले लुगडे गंगाजमनी. रखडलेले काम एकदाचे पार पडले की गंगेत घोडे न्हाले. रडू आवरेना की डोळ्यांतून गंगायमुना. उसने दिलेले पैसे परत येत नाहीत असे कळून चुकले की गंगार्पण. परंतु या सगळ्यांत माझा जीव ज्या शब्दावर जडला आहे तो म्हणजे गंगाजळी.

आज हा शब्द वर्तमानपत्राच्या अर्थविषयक पानावर असतो : रिझर्व्ह बँकेकडची परकीय चलनाची गंगाजळी वाढली किंवा घटली. मूळची गंगाजळी माझ्या आजोळच्या देवघरात होती. काशीहून कोणी तरी आणलेला तो वीतभरसुद्धा उंच नसलेला तांब्याचा गडू होता, तोंड लाखेने बंद केलेले, कडेने लाख थोडी तडकलेली, आणि आत पाणी आहे हे केवळ हलवून ऐकले तरच कळायचे. आम्हा मुलांना तो हलवायची परवानगी वर्षातून एकदा, दिवाळीत देव उजळायला काढले की मिळायची. मी तो कानाशी धरत असे. आतला आवाज फार लहान असे. ते पाणी पिण्यासाठी नव्हते, पूजेसाठीही नव्हते. घरातल्या कोणाची तरी शेवटची वेळ आली तरच लाख फुटायची, दोन थेंब तोंडात घालायचे आणि बाकीचे पुन्हा बंद करून ठेवायचे. आता विचार करा, अडीच हजार किलोमीटर वाहणाऱ्या नदीच्या नावापासून मराठीने जो शब्द घडवला तो वाहत्या पैशासाठी नाही, तर ज्याला हात लावायचा नाही अशा शिलकीसाठी आहे. ज्याने कोणी हा शब्द पैशाला प्रथम लावला त्याने तो लाखबंद गडू नक्की पाहिला होता. 'राखीव निधी' या शब्दात हिशेब आहे. गंगाजळीत भीती आहे, भरवसा आहे, आणि ही वेळ येऊ नये अशी इच्छाही आहे.

ही गंगाजळी ज्या घरात होती त्याच घरात माझ्या थोरल्या मावशीचा जन्म झाला. तिच्याबद्दल मी आज बोलणार नाही असे ठरवून आले होते, पण हे नाव घेतले की तिला वगळून पुढे जाता येत नाही.

मावशी पुराच्या वर्षी जन्मली म्हणून आजोबांनी तिचे नाव गंगा ठेवले. सोळाव्या वर्षी तिचे लग्न झाले, आणि त्या काळच्या रीतीप्रमाणे तांदळाच्या ताटात अंगठीने नवे नाव लिहिले गेले : सुशीला. सासरी ती सुशीला झाली, पत्रांवर 'सौ. सुशीलाबाई' झाली, आणि गंगा हे नाव फक्त माहेरच्या चार माणसांच्या तोंडी उरले. एकतिसाव्या वर्षी तिचे यजमान गेले. त्यानंतर दोन महिन्यांनी एका नातेवाइकांकडची मुंजीची पत्रिका आली. मी सातवीत होते आणि सुटीत तिच्याकडे राहायला गेले होते. पोस्टमनने दिलेले पाकीट मीच तिच्या हातात दिले. पाकिटावर लिहिले होते, 'गं. भा. सुशीलाबाई'. तिने ते बराच वेळ पाहिले आणि मला विचारले, "हे 'गं' कशाचं गं?" मी शाळेत नुकतेच शिकले होते, म्हणून उत्साहाने म्हणाले, "गंगा भागीरथी." ती म्हणाली, "म्हणजे माझं नाव परत आलं. पण अर्धंच आलं, आणि ते गेले म्हणून आलं."

गेली पन्नास वर्षे हे वाक्य माझ्यापाशी आहे, आणि आज ते या व्यासपीठावरून पहिल्यांदाच सांगते आहे. विधवा स्त्री गंगेसारखी पवित्र, म्हणून हा बहुमान, असे त्याचे समर्थन केले जाते. मी ते समर्थन पुष्कळदा ऐकले आहे, आदराने ऐकले आहे, आणि मला ते मुळीच पटलेले नाही. पुरुषाची पत्नी गेली म्हणून त्याच्या नावाआधी कोणतेही अक्षर बदलत नाही, तो 'श्री.' होता, 'श्री.'च राहतो. कोणत्या पवित्र नदीचे नाव त्याला द्यावे असे आजवर कोणाला सुचले नाही. 'गं. भा.' हा मान असता तर तो मागून घ्यावासा वाटला असता, आणि मी आजवर एकही स्त्री पाहिली नाही जिने आपल्या नावाआधी ती दोन अक्षरे मागून घेतली. ती पाकिटाच्या बाहेरच घराण्याची एक खबर देतात : या स्त्रीला हळदीकुंकवाला बोलावू नका. मावशीला त्या मुंजीला मातृभोजनाच्या पंक्तीत बसवले नाही. तिने स्वतःच्या हाताने वळलेल्या लाडवांची परात मात्र आत नेली गेली.

एप्रिल २०२३ मध्ये राज्याच्या महिला व बालविकास मंत्र्यांनी विधवांचा उल्लेख 'गंगा भागीरथी' असा करण्याचा विचार व्हावा असे आपल्या खात्याला कळवले होते. त्यावर मोठी टीका झाली आणि तो केवळ चर्चेचा विषय असल्याचा खुलासा झाला. त्याआधी एकच वर्ष, मे २०२२ मध्ये, कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाडच्या ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला होता, आणि इतर गावांनी तो कित्ता गिरवावा असे सरकारनेच कळवले होते. पंचगंगा ज्या नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळते ती याच शिरोळ तालुक्यात. गंगेच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पाण्याच्या काठी एका गावाने बांगडी आणि कुंकू स्त्रीच्या स्वतःच्या इच्छेवर सोपवले, हे मला त्या नावाचे सगळ्यांत योग्य वागणे वाटते. आणखी एक गोष्ट याला लागूनच सांगते. मार्च २०१७ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने गंगा आणि यमुना या नद्यांना कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती मानले. जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. नदीला व्यक्ती मानायचे की नाही यावर न्यायालयांत एवढा विचार झाला, आणि इकडे जिवंत व्यक्तीला नदी करून टाकण्याची रीत एका टाकाच्या फटकाऱ्यासरशी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. आजही या व्याख्यानमालेच्या पत्रिकांवर पत्ते लिहिणारे जे कोणी असतील, त्यांना माझी हात जोडून विनंती आहे : स्त्रीच्या नावाआधी 'श्रीमती' लिहा, किंवा काहीच लिहू नका, नुसते नाव पुरेसे असते.

कार्यवाहांची चिठ्ठी आली आहे. सात मिनिटे उरली आहेत आणि कबूल केलेला विषय अजून पुरता समोर आलेला नाही, तेव्हा आता मी भराभर बोलते.

प्रश्न असा की गंगा हे विशेषनाम आहे की सामान्यनाम. श्रीलंकेत याचे उत्तर स्पष्ट आहे. सिंहली भाषेत 'गंगा' म्हणजे नदी, कोणतीही नदी. महावेली गंगा, केलनी गंगा ही तिथल्या नद्यांची साधी नावे आहेत. बंगालच्या बोलींतही 'गांग' म्हणजे नदी. तिथे विशेषनाम झिजून पूर्ण सामान्यनाम झाले. उलट टोक तमिळ देशात दिसते. राजेंद्र चोळाने अकराव्या शतकात उत्तरेची मोहीम करून गंगेचे पाणी आणवले आणि गंगैकोंडचोळपुरम् ही राजधानी वसवली, म्हणजे गंगा जिंकून घेणाऱ्या चोळाचे नगर. तिथे गंगा ही एकच होती आणि ती दूर होती, म्हणूनच तिचे पाणी आणणे हा पराक्रम ठरला. मराठी या दोन टोकांच्या मधे थांबली आहे, आणि ती कशी थांबली याचा नियम मला सापडला आहे असे मी नम्रपणे पण खात्रीने सांगते. शब्दात गंगा कोणत्या जागी आहे ते पाहा.

सामासिक शब्दाच्या शेवटी ती आली की तिचा अर्थ नदी किंवा जलधारा : वैनगंगा, पैनगंगा, पाताळगंगा, बाणगंगा. तिथे ती मोजताही येते, कारण कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती मिळून पंचगंगा होते, आणि ज्याची मोजणी होते ते विशेषनाम नव्हे. आकाशातल्या तारकांच्या पट्ट्याला आकाशगंगा म्हणताना आपण हाच नियम पाळतो. शब्दाच्या आरंभी ती आली की नदी मागे राहते आणि तिचा गुण पुढे येतो : गंगाजळीत शिल्लक राहणे, गंगार्पणात कायमचे जाणे, गंगाळात न्हाणे. आणि ती एकटी, कोणत्याही उपपदाशिवाय उभी राहिली की तिचा अर्थ एकच होतो : बोलणाऱ्याची गंगा, आमची. नाशकात गोदावरी, राजापुरात टेकडीवरची कुंडे, काशीत भागीरथी. नाशिकचा माणूस 'दोन गंगा', 'तीन गंगा' असे कधी म्हणत नाही, जरी त्याला उत्तरेची गंगा ठाऊक असते आणि तो तिथे जाऊनही आलेला असतो. म्हणजे एकच शब्द शेवटी सामान्यनाम आहे, एकटा असता विशेषनाम आहे, आणि ते विशेषनाम गावागणिक नव्याने विशेष होते. फळ्यावरच्या दोन रकान्यांत हे मावत नाही म्हणून माझा हात अडखळत होता.

संस्कृत काव्यशास्त्रात लक्षणेचे जे ठरलेले उदाहरण आहे तेही गंगेचेच, हा मला योगायोग वाटत नाही. 'गङ्गायां घोषः', म्हणजे गंगेवर गवळ्यांची वस्ती. प्रवाहावर वस्ती कशी असेल, म्हणून अर्थ घ्यायचा 'काठावर'; मग सरळ 'काठावर' असे का म्हटले नाही, तर नदीचा गारवा आणि पावित्र्य वस्तीलाही लागावे म्हणून. अभिधा, लक्षणा आणि व्यंजना, म्हणजे शब्दाचा सरळ अर्थ, त्याला लागून असलेला अर्थ आणि सुचवलेला अर्थ, एका चार शब्दांपेक्षाही लहान वाक्यात शिकवता येतात. नाशिकचा मुलगा "गंगेवर जातो" म्हणतो तेव्हा तो नेमके हेच वाक्य बोलतो, आणि त्याला ते कोणी शिकवलेले नसते. माझी सूचना एवढीच आहे की नामाचे प्रकार शिकवताना 'गंगा' हे उदाहरण पुस्तकातून काढू नये, पण ते एका रकान्यातही लिहू नये. मुलांना विचारावे, तुमच्या गावी गंगा कोणाला म्हणतात. मग 'गं. भा.' या नियमात कुठे बसते? ते बसत नाही. तिथे गंगा शब्दाच्या आधी नाही, शेवटी नाही आणि एकटीही नाही. ती एक अक्षर आणि एक टिंब होऊन दुसऱ्याच्या नावावर बसलेली आहे. नदीचे नाव इतके आटलेले मी दुसरीकडे कुठे पाहिलेले नाही.

एक मिनिट आहे, तेवढ्यात संपवते. मावशी चार वर्षांपूर्वी गेली. आजोळच्या गडूची लाख तिच्यासाठी फोडली. दशक्रियेची पत्रिका करायची होती तेव्हा तिच्या मुलाने मला विचारले की नाव काय लिहायचे, आणि मी सांगितले, गंगा लिही, आधी काही लिहू नकोस, कंसात सुशीला लिही. त्याने तसे लिहून दिले. संध्याकाळी छापखान्यातून मला फोन आला. तिथला तरुण म्हणाला, "ताई, पहिल्या ओळीत गंगा लिहिलंय आणि खाली 'विधी गंगेवर, रामकुंड' असंही लिहिलंय. ठिकाण चुकून दोनदा आलंय का? वरचं काढू?" मी त्याला सांगितले की वरचे नाव आहे, खालचे ठिकाण आहे, दोन्ही बरोबर आहेत, दोन्ही तसेच राहू दे.